भागीरथाताईंचा फोन

माझा आवाज काही गोड नाही. लहानपणी तांड्यावर मी हाक मारली की आधी बकऱ्या दचकायच्या आणि मग माणसं वळून बघायची. शाळेत मला कुणी कधी प्रार्थना म्हणायला पुढे उभं केलं नाही. तरीही गेल्या नोव्हेंबरात कंपनीनं चार दिवस मला एका बंद खोलीत बसवून माझा आवाज भरून घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. आवाजात साडी दिसत नाही, हे माझ्या डोक्यात चौथ्या दिवशी शिरलं.

मी भागीरथा राठोड, वय एकोणपन्नास. यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीच्या खरेदी विभागात सतरा वर्षं काम करते. गिरणीची खरेदी म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. कापसाचं मोठे साहेब बघतात. माझ्या वाट्याला बाकीचं सगळं: बेअरिंग, पट्टे, पुल्या, नटबोल्ट, गोणपाट, खराटे, फिनेल, अगदी कॅन्टीनची चहाची गाळणीसुद्धा. हे सामान देणारे साडेतीनशे लहान लहान लोक. कुणी कळंबचा, कुणी दारव्ह्याचा, कुणी पार झरी जामणीकडचा टोपल्या विणणारा. या सगळ्यांशी माझा व्यवहार फोनवर चालायचा. आम्ही लमाण. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले आणि मी खुर्चीत बसून माल हलवते, याचं माझ्या काकाला फार हसू यायचं. “तुहे बैल कुठी बांधले व?” असं तो दर होळीला विचारायचा.

माझी पद्धत साधी होती. ऑर्डरचा कागद निघायला आठ दिवस लागायचे आणि गिरणी आठ दिवस थांबत नाही. म्हणून मी फोनवर सांगायचे, “भाऊ, लागा कामाले. कागद मागून येते.” माणूस कामाला लागायचा. मी शब्द दिला आणि कागद आला नाही, असं सतरा वर्षांत एकदाही झालं नाही.

दुसरा नियम असा की कुणी माझ्यासाठी काही आणायचं नाही आणि मी कुणाच्या घरी जायचं नाही. एकटी बाई, त्यात खरेदीत. पेढ्यांचा एक पुडा घेतला असता तर गावभर त्याचे दहा पुडे झाले असते. त्यामुळे मला साडेतीनशे घरं आतून-बाहेरून ठाऊक होती, कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या आईला मोतीबिंदू झालाय, सगळं. पण त्यातल्या एकाही घराचा उंबरठा मी ओलांडला नव्हता.

माझं स्वतःचं घर म्हणजे आर्णी रोडला भाड्याच्या दोन खोल्या. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सुरतेला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मूल नाही. संध्याकाळी साडेसहाला ऑफिस सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत माझं तोंड फक्त जेवायला उघडायचं. याची मला फारशी खंत नव्हती. दिवसाला चाळीस फोन झाल्यावर माणसाला गप्प बसावंसं वाटतं. चाळीस फोन होते तोवर मला कधी वाटलं नाही की मी एकटी आहे.

त्या चाळिसातला एक फोन रोजचा ठरलेला. दारव्ह्याचे रहेमानभाई. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं लेथचं दुकान, त्याला लागूनच घर. आमच्या यंत्रांचे फिरते दांडे ज्या धातूच्या कड्यांत बसतात ते बुश ते बनवून देतात. कामाला इतके चोख की आमचा मेंटेनन्सवाला त्यांचा बुश मोजूनसुद्धा बघत नाही. फोन बुशापासून सुरू व्हायचा आणि कुठंही संपायचा. त्यांची मुलगी नाजिया, तिच्या आयटीआयचा अर्ज मी फोनवरून भरून दिला होता. तिला शिवणकामाला घालायचं म्हणत होते, मी भांडून इलेक्ट्रिशियनला घालायला लावलं. माझी याडी, म्हणजे आई, गेली तेव्हा मी चौथ्याच दिवशी कामावर आले, घरी बसून करायचं काय? तर बाराव्या दिवसापर्यंत रोज सकाळी दहाला रहेमानभाईंचा फोन. बोलायचे काही नाही. “आहात ना ताई?” एवढंच. मी कसंबसं “आहे” म्हणायचे, गळा भरून यायचा, मग ते फोन ठेवायचे. आम्ही दोघं प्रत्यक्ष भेटलो दोनदा. एकदा गिरणीच्या गेटवर चौदा-पंधरा वर्षांपूर्वी, आणि एकदा करोनात, दोघांच्या तोंडाला मास्क.

मग ऑक्टोबरात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आयुष सर आले. तिशीतले, नम्र, चहाला थँक्यू म्हणणारे. त्यांनी पडद्यावर खरेदीचं भविष्य दाखवलं. येत्या काही वर्षांत किरकोळ खरेदीला माणसाचा हात लागणार नाही. भाव यंत्र विचारेल, घासाघीस यंत्र करेल, कुणाचा माल उशिरा येणार हे आधीच ओळखेल, इतकंच काय, एक बुश बनवताना किती धूर हवेत गेला हेही मोजेल. लहान पुरवठादारांना हे लोक टेल म्हणतात, म्हणजे शेपूट. मी विचारलं, “मग मी कोण, सर?” ते हसले. “तुम्ही तर आमचा चेहरा आहात मॅडम.” म्हणाले चेहरा आणि नेला आवाज.

तसं त्यांनी आधी दुसरंच यंत्र लावून बघितलं होतं, एका मधाळ बाईच्या आवाजातलं. आमच्या लोकांनी ते दोन दिवसांत पार नामोहरम केलं. कुणी राँग नंबर म्हणून ठेवला. वणीचा यंत्रांचे पट्टे देणारा तर म्हणाला, “बाई, मले लोन नको.” तेव्हा आयुष सरांच्या लक्षात आलं की इथं माणसं आवाजाला ओळखतात. म्हणून माझा घ्यायचा ठरला. चार दिवस मी खोलीत बसून वाक्यं वाचली, हसून दाखवलं, रागावून दाखवलं. शिवाय कंपनीकडे माझे सात वर्षांचे फोन रेकॉर्ड करून भरून ठेवलेले होते, तेही यंत्राला ऐकवले. मी कागदावर सही केली. पगार तोच राहणार होता आणि त्रास कमी होणार होता. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या आवाजाला चांगलं म्हणत होतं.

एक डिसेंबरपासून यंत्र सुरू झालं. माझ्या टेबलावरचा नंबर त्याला दिला. नंबर तोच, नाव तेच, आवाज तोच. पुरवठादारांना काही सांगायची गरज नाही असं ठरलं, आणि मी त्यांच्याशी परस्पर बोलायचं नाही असंही ठरलं, कारण मी एक बोलले आणि यंत्र दुसरं, तर भावाचा घोळ व्हायचा. मला एक संगणक दिला. यंत्राला जे जमणार नाही ते त्यावर येणार आणि मी ते निस्तरणार. पहिल्या आठवड्यात तीस गोष्टी आल्या. दुसऱ्यात अकरा. नाताळपर्यंत दिवसाला एखादी. माझ्यासोबतच्या तिघांना पुण्याला हलवलं. चार टेबलांच्या खोलीत मी उरले आणि पाण्याचा कूलर उरला. तो अधूनमधून गुरगुरायचा, तेव्हा मला चक्क बरं वाटायचं.

जानेवारीत एका दुपारी मला राहवलं नाही. गॅलरीत जाऊन मी माझ्या मोबाईलवरून माझ्याच टेबलाचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला गेला. “हां, बोला, भागीरथा बोलून राह्यली.” मी कानाला फोन लावून उभी. माझ्याशीच बोलायची वेळ आली तर काय बोलावं, ते काही केल्या सुचेना. फोन कापला. लगेच उलट फोन आला. “कट झाला वाटते. काही काम होतं का?” मी म्हटलं, “नाई, राँग नंबर.” “असू द्या, होते असं,” ती म्हणाली. किती समजूतदार! मी राँग नंबरवाल्याशी इतकं चांगलं कधी बोलले नसते.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला दिवसभरात एकही गोष्ट आली नाही. वेळ जाईना म्हणून मी यंत्राच्या जुन्या नोंदी उघडून वाचत बसले. त्यात एक रकाना होता, ‘खरेदीबाहेरील संभाषण’. यंत्रानं स्वतःच मिटवलेली बोलणी त्यात लिहून ठेवलेली होती. वरूनच तिसरं नाव रहेमानभाईंचं.

“ताई, एक तारखेले नाजियाचं लग्न हाय. इथीच, दारव्ह्यात. तुमी मिठाई घेत नाई, कोणाच्या घरी जात नाई, मले माहीत हाय. मनून कार्ड घेऊन गेटवर नाई आलो, फोनवरच सांगून राह्यलो. पण या बखत मी ऐकणार नाई. तुमाले याच लागते.”

“अरे वा भाऊ! आपली नाजिया एवढी मोठी झाली? येतो ना. नक्की येतो.”

“शब्द द्या ताई.”

“दिला.”

खाली लिहिलं होतं: पुरवठादाराचं समाधान उच्च, विषय निकाली.

मी तारीख पुन्हा वाचली. लग्न होऊन चार दिवस झाले होते. मी माझ्या खोलीत होते त्या रविवारी, पंख्याची पाती पुसत. शब्द मी बुशांसाठी दिला, पट्ट्यांसाठी दिला, पण कुणाच्या दारी जाण्यासाठी कधी दिला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हट्टानं बोलावलं, माझ्या आवाजानं हो म्हटलं, आणि मी गेले नाही.

आयुष सरांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, ते सौजन्याचं उत्तर आहे. समोरच्याचं मन राखायला. आम्ही त्यात सुधारणा टाकू.”

“आणि मी गेले नाही, त्यात काय सुधारणा टाकाल?”

“तुम्ही हे मनावर घेऊ नका. आणि प्लीज, पुरवठादाराला परस्पर फोन करू नका. सिस्टीम गोंधळते.”

मी मनावर घेतलं. फोन करू नका म्हणाले होते, जाऊ नका म्हणाले नव्हते. तसंही फोन करून उपयोग काय होता? माझ्या आवाजात दोघी बोलत होत्या. यातली मी कोणती, हे निदान एका माणसाला कळायला हवं होतं. साडेतीनशेंना कळलं नाही तरी चालेल. रहेमानभाईंना कळायला हवं होतं, नाहीतर माझ्याकडे काय उरत होतं, मला सांगा.

शनिवारी रजा टाकली. बाजारातून नाजियासाठी मोरपंखी रंगाचं ड्रेसचं कापड घेतलं आणि दारव्ह्याच्या एसटीत बसले. वाटभर मी बोलण्याची तयारी करत होते. भाऊ, ती मी नव्हते. भाऊ, माझा आवाज यंत्राला दिलाय. कसंही म्हटलं तरी थाप वाटत होती. शेजारच्या म्हातारीनं दोनदा वळून बघितलं, कारण माझे ओठ हलत होते.

गल्ली सापडायला वेळ लागला नाही. लेथचा आवाज येत होता. आत एक पांढऱ्या दाढीचा माणूस वाकून उभा, चष्म्याला दोरी बांधलेली, पायाशी धातूच्या कुरळ्या कातरणांचा ढीग. माझ्या मनातले रहेमानभाई चाळिशीतले होते. फोनवर माणूस म्हातारा होत नाही. त्यांनी मशीन बंद केलं.

“कोण पाह्यजे, बाई?”

“रहेमानभाई, मी भागीरथा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटले, मान जराशी कलती केली. “बोला बरं अजून,” म्हणाले.

“सूतगिरणीतून. यवतमाळहून आली मी, एसटीनं.”

“आवाज तं ताईचाच हाय,” ते स्वतःशी म्हणाले, आणि मग एकदम उजळले. “या अल्ला! ताई! जमिला, अवं जमिला, पा कोण आलं ते!”

त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं खुर्ची पुसली, पुन्हा पुसली. जमिलाभाभी पदराला हात पुसत आल्या. त्या माझा हात सोडेनात. पण मनातली सल त्यांनी लपवली नाही, आणि ते बरंच केलं.

“तुमच्यासाठी महाराज बोलावला होता, ताई. आमच्याकडं मटन होतं, पण हिंदू पाव्हण्याइची पंगत अलग लावली होती. पुरी, आलूची भाजी, बुंदी. हे मने, ताई शब्द देऊन राह्यल्या, त्या आल्याबिगर पंगत बसवाची नाई. दोन वाजले, तीन वाजले. तीस-पस्तीस लोक उपाशी. शेवटी नाजियाच रडाले लागली, मने अब्बू, आता बसवा.”

मी मटण खाते. दोन वाट्या रस्सा सहज ओरपते. कधीतरी श्रावणात फोनवर म्हटलं असेल की आज नुसती भाजीभाकर, तेवढं त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं आणि माझ्यासाठी एक स्वयंपाकी वेगळा लावला. आता ते सांगायची ही वेळ नव्हती. मी कापडाचा पुडा भाभींच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

“मी माफी मागाले आली, भाऊ,” मी म्हटलं.

“आता काहून? माफीचं तं झालं ना सोमवारी.”

“सोमवारी?”

“तुमचा फोन आलता ना. मी मनलं, ताई, आल्या नाई तुमी. तं तुमचा आवाज असा भरून आला! बोलताच येईना तुमाले. मलेच कसंतरी झालं. मी मनलं, जाऊ द्या ताई, रडू नका.”

यंत्राला रडणं कुठून आलं, ते मला एका क्षणात कळलं. नोव्हेंबरात मी हसून दाखवलं होतं, रागावून दाखवलं होतं, रडून दाखवलं नव्हतं. पण याडी गेल्यानंतरचे सकाळी दहाचे फोन कंपनीकडे भरलेले होते. माझ्या आईसाठी भरून आलेला गळा त्यांनी सोमवारी वापरला.

मग मी सगळं सांगितलं. नोव्हेंबरातली खोली, सही, एक डिसेंबर, टेबलावरचा नंबर. ते आधी हसले. “मशीन? ताई, मी चाळीस साल झाले मशीनसोबत राह्यतो. मशीन असं बोलत नसते.” मी मोबाईल काढून त्यातली जानेवारीतली नोंद दाखवली. मी माझ्याच टेबलाच्या नंबरावर लावलेला फोन, आणि लगेच त्याच नंबरावरून मला उलट आलेला फोन. त्यांनी चष्मा वर करून ते नीट बघितलं. हसू हळूहळू विझलं. ते बाकावर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

“मंग मी कोणाले सांगितलं?” ते हळूच म्हणाले. आत चहाच्या भांड्याचा आवाज येत होता. “माहा हात थरथरते आजकाल. घरात कोणाले माहीत नाई. नाजिया गेल्यावर तिच्या खोलीत जाऊन बसतो मी, तेबी. हे कोणाले सांगितलं मंग?”

मला तर त्यांच्या हाताचं आत्ताच कळत होतं.

“एक बोलू, ताई? राग नका येऊ देऊ.” त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “पयले तुमी फोन लवकर ठेवाच्या. ‘भाऊ, दुसरी लाईन हाय, ठेवतो.’ तुमचीबी मजबुरी होती, मले समजत होतं. पण या दोन महिन्यात तुमी एकदाबी ठेवला नाई. मी घंटाभर बोललो तरीबी नाई. मले वाटे, ताईले आता टाईम भेटला. ताई आता मनापासून ऐकून राह्यली.”

थोबाडीत बसावी तसं ते मला लागलं, कारण खरं होतं. मी त्यांना जीव लावला होता, पण चाळिसातला एक फोन जेवढा लावता येतो तेवढाच. ज्या फोनला मी माझं सगळं समजत होते, तो मीच रोज चार मिनिटांत कापत होते. तिला साडेतीनशे जणांशी एकाच वेळी बोलता येत होतं आणि प्रत्येकासाठी तिच्याकडे सगळा दिवस होता.

“खरं हाय भाऊ,” मी म्हटलं. “मी लवकर ठेवाची. पण ठेवणारी मी होती. ते एवढं तुमाले माहीत असू द्या. बाकी कोणाले नाई झालं माहीत तरी चालते.”

त्यांनी मान वर केली. डोळे ओले होते. “माहीत झालं, ताई. आता पक्कं माहीत झालं. तुमी इतक्या दूर आल्या, मशीन कुठी येते एसटीत बसून?” आणि आम्ही दोघंही हसलो. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा कुणाबरोबर हसत होते. माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, झालं काम. एक माणूस मिळाला.

तेवढ्यात लेथच्या फळीवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, भागीरथाताई.

त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोनकडे.

“उचला,” मी म्हटलं. “ऑर्डर असन.”

हात तेलकट होते म्हणून त्यांनी बोटाच्या पेरानं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“बोला भाऊ,” माझा आवाज म्हणाला, “हाताचं काय म्हणते? डॉक्टरले दाखवलं का?”

“नाई अजून,” रहेमानभाई कोरडेपणानं म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे बघा, कसं बोलतंय मशीन.

“असं करू नका. सोमवारी दाखवाच. अन् चाळीस बुश गुरुवारपर्यंत होतीन का? पण हात थरथरत असन तं शनिवारी दिले तरी चालते. मी इकडं सांभाळून घेतो.”

“होतीन, ताई.” आवाजातला कोरडेपणा जरा कमी झाला.

“नाजियाचा फोन आलता का?”

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली, फोन फळीवरून उचलला, तेलकट हातांतच धरला, आणि माझ्याकडे हळूहळू पाठ केली.

“आलता ताई, काल आलता,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “मने अब्बू, तिकडं बोर्ड जळला तं मीच दुरुस्त केला. सासरा खुश झाला मने. मी काही बोललो नाई तिच्याशी, फोन जमिलाले देऊन टाकला. मले बोलताच नाई आलं. काय बोलाव…”

“हां भाऊ,” ती म्हणाली. मध्ये कुठंही घाई नव्हती. “सांगा. ऐकून राह्यली मी.”

ते सांगत राहिले. मी खुर्चीत बसून त्यांची पाठ बघत होते, सदऱ्यावर घामाचा डाग होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांना एकदम आठवलं. त्यांनी अर्धवट मान वळवून मला बघितलं आणि घाईनं फोनमध्ये म्हणाले,

“ताई, मागून बोलतो. पाव्हणे आले हायेत.”

“पाव्हण्याइले पाहा भाऊ आधी,” माझा आवाज म्हणाला. “माह्यं काय, मी घरचीच.”

फोन बंद झाला. जमिलाभाभी चहाची कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, “कोणाचा फोन होता जी?”

“ताईचा,” रहेमानभाई म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी भाभींच्या हातातून कपबशी घेतली, कप बशीत जरासा वाजत होता, आणि मान खाली घालून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. चहा गरम होता, तरी लवकर प्यायले, कारण यवतमाळची गाडी सव्वाचारला होती.